हवालदारांची वाकळ

मनुबाई : आवं, ती सुई ठेवा की. तुमच्या भाच्याचा फोन आलता, वीरधवलचा. सांगलीत वॉचमनची जागा तुमच्यासाठी धरलीया म्हणं. आज सांजपतोर कळवा म्हणतोय.

हंबीरराव : बावीस वरसं फौजेत हुबं ऱ्हाऊन ड्यूटी केली, मनू. आता बसून करतोय.

मनुबाई : बसून चिंध्यांची वाकळ शिवताय! फौजी गडी बायकांचं काम करतोय म्हणून पारावर हसत्यात माणसं.

हंबीरराव : हसू दे. तिकडं बर्फात अख्ख्या सेक्शनची बटणं मीच लावायचो. तवा कोण हसलं न्हाई.

मनुबाई : आन ह्यो निळा तुकडा कसला?

हंबीरराव : अल्लाबक्षचाचांच्या दुकानातला. दहावी झाल्यावर इस्लामपूरला त्यांच्याकडं शिवणकाम शिकत हुतो. लय आवडायचं. दोन म्हयन्यांनी आबांनी हाताला धरून भरतीच्या लायनीत नेऊन हुबं केलं.

मनुबाई : कवा बोलला न्हाईसा.

हंबीरराव : मलाच वाटायचं, फौज म्हंजेच मी. वाईट नव्हतं गं ते. म्हणून तर वर्दीची बाहीबी लावलीया शेजारी. पर तेवढाच मी न्हाई.

मनुबाई : आन मधी एवढी जागा मोकळी का सोडलीया?

हंबीरराव : तुला. लग्नाचा शालू दे तुझा.

मनुबाई : शालू नगं. मामंजींनी आणलेला त्यो, रंगसुदिक मला इचारला नव्हता. थांबा जरा.

(मनुबाई आत जाऊन पाठीवर सात नंबर असलेला, विटलेला लाल टी-शर्ट घेऊन येते.)

हंबीरराव : ह्यो कुणाचा?

मनुबाई : माझा. शिराळ्याच्या शाळेत कबड्डी खेळायची मी. जिल्ह्याच्या संघात घेतलं हुतं. सांगलीला जायचं, तवर तुमचं स्थळ आलं.

हंबीरराव : अगं... राग हाय का अजून?

मनुबाई : तवा रडले लय. आता आपली लेक शिवांजली सांगलीला विश्रामबागेत शिकतीया, मनासारखं खेळतीया. ते बघून बरं वाटतंय. पर ह्यो काय टाकवला न्हाई.

हंबीरराव : कात्री लावू?

मनुबाई : लावा. बेतानं.

हंबीरराव : आन वीरधवलला काय सांगायचं?

मनुबाई : द्या तो फोन हिकडं. ...हालो, वीरधवल? न्हाई रं, मामा न्हाई यायचे. त्यास्नी काम हाय. ...व्हय, वाकळच शिवत्यात. माझीबी जागा हाय तिच्यात. ठेवते.

हंबीरराव : आता पारावर तुलाबी हसतील.

मनुबाई : हसू द्या. आन आवं, त्यो सात नंबर आत दुमडू नगा. वर दिसू द्या.