मधली ओळ

मंडळी, पूर्वरंगात आपण एक प्रश्न मांडला आणि तसाच खुंटीला टांगून ठेवला. आता तो खाली काढू. प्रश्न असा — माणसाचा भूतकाळ वाचावा कसा? वाचावा की नाही, हे मी विचारतच नाही! कारण तो आपण वाचतोच! शेजारणीचा तर पाठच असतो! हसू नका, पुढच्या रांगेतल्या बायकांनो, पुरुषांचा जास्त पाठ असतो!

आता तुम्ही म्हणाल, बुवा आज कुठलं आख्यान लावणार? राजाचं? ऋषींचं? नाही! आज आख्यान आहे शेअर बाजारातलं! — बघा, बघा, पेटीवाले गोगटे एकदम सावरून बसले! गोगटे, सूर धरा, टिप मिळणार नाही!

ऐका. आपल्या कऱ्हाडात कृष्णेच्या काठाला कुमुदताई म्हणून एक बाई. यजमान तरुणपणीच गेले. पदरी एक मुलगी, मैथिली, तेव्हा शाळेत जाणारी. कुमुदताईंनी शिवणाचं मशीन घेतलं, ब्लाउज शिवले, फॉल-पिको केलं, पण यजमानांच्या मागे आलेले एक लाख वीस हजार रुपये — त्याला हात लावला नाही! ते मैथिलीच्या लग्नाचे!

ताईंना थोरला भाऊ. पुरुषोत्तम. सांगलीला एका कारखान्यात नोकरीला. ताई त्याला म्हणाल्या, "दादा, हे पैसे तू कुठंतरी लाव. मला त्यातलं काही कळत नाही."

दादा म्हणाला, "कुमुद, घरं बांधणारी एक कंपनी आहे, सुखदालन नावाची. लोकांना घर तर लागणारच ना! पण एक सांगून ठेवतो — हा धंदा कर्जाच्या व्याजावर चालतो. व्याज उतरलं की फ्लॅट हातोहात जातात, व्याज चढलं की रिकाम्या इमारती वारा खातात. भाव वर जाईल, खाली येईल. घाबरायचं नाही."

घेतले कधी? लक्ष्मीपूजनाला! त्या दिवशी बाजार बंद असतो, पण संध्याकाळी तासभर उघडतात — मुहूर्ताचा सौदा! दादानं फोन केला, "कुमुद, शंभर शेअर घेतले गं, बाराशेच्या भावानं. माझ्या खात्यात ठेवतो, पण आहेत तुझे." ताईंनी लक्ष्मीपुढे हळदकुंकू वाहिलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "बाराशे! लक्ष्मीमाते, सांभाळ!"

तो आकडा देवासमोर उच्चारलेला, मंडळी! तो कसा विसरेल?

वर्षं गेली. मैथिली शिकली, नोकरीला लागली, तिचं लग्न ठरलं. आता शेअर विकायचे. मैथिली हुशार पोर! म्हणाली, "आई, आधी मागचे भाव बघू, मग ठरवू." योग्य बोलली! फोन काढला, सुखदालनच्या जुन्या भावांचा तक्ता उघडला. तारीख, सुरुवातीचा भाव, दिवसातला सगळ्यात वरचा, सगळ्यात खालचा, बंद होतानाचा. रोजची एक ओळ. बोटानं ढकलत ढकलत गेली मागे... मागे... लक्ष्मीपूजनापर्यंत!

आणि तिचं बोट थांबलं.

"आई, मामा काय भाव म्हणाला होता?"

"बाराशे."

"इथं दोनशे चाळीस आहे."

मंडळी! स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, कुणाला ऐकू येईना! बाराशे कुठं, दोनशे चाळीस कुठं! शंभर शेअरचे झाले चोवीस हजार. मग बाकीचे शहाण्णव हजार? — बोला ना! आता का गप्प? तुमच्याही मनात तेच आलं, जे कुमुदताईंच्या मनात आलं!

ताईंनी तिथल्या तिथं फोन लावला. "दादा, विधवा बहिणीचे पैसे खाताना घास कसा उतरला रे तुझ्या घशाखाली?"

दादाला आधी समजेचना. मग म्हणाला, "अगं ऐक तरी, मधे त्या शेअरचे तुकडे झाले —"

"तुकडे तू नात्याचे केलेस! माझे शंभर शेअर मला दे आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस!" फोन बंद!

त्या 'मधे'च्या पुढचं वाक्य ऐकायला किती वेळ लागला असता? चहा निवायच्या आत संपलं असतं! पण राग आला की माणसाला पुढचं वाक्य नको असतं, मागचे आकडे हवे असतात.

बरं, घरातल्या घरात राहिलं असतं तरी ठीक. साखरपुडा झाला. मंडळी जमली. कुणीतरी सहज विचारलं, "मैथिलीचा मामा दिसत नाही?" तर ताई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माझ्या मुलीला मामा नाही! होता तो चोर निघाला!"

अरेरे! आपल्याकडे नवरीला बोहल्यावर आणतो कोण? मामा! अंतरपाट धरला की तिच्या पाठीशी उभा राहतो कोण? मामा! बाप नसलेल्या मुलीला तर तेवढाच एक पुरुषाचा हात! तो हात ताईंनी दूर लोटला. आणि मैथिली? जिला लहानपणी त्याच मामानं सायकल शिकवली होती, ती खाली मान घालून बसून राहिली.

आता गंमत बघा. ताईंनी शेअर ठेवायला स्वतःचं खातं उघडलं होतं. आठवड्याभरात दादानं शेअर तिकडे पाठवले. मैथिली बघते तर शंभर नव्हेत — पाचशे!

मी तुम्हाला विचारतो, मागितले शंभर, आले पाचशे. शहाण्या माणसाला काय वाटेल? काहीतरी आपलं चुकतंय! पण संशय फार हुशार असतो हो! ताई म्हणाल्या, "बघ! भ्यायला! चोरीचा माल परत केला! आपला नाही तो एकही नको मला, चल सांगलीला!" — इथं मात्र थांबा, मंडळी. या बाईला आधी नमस्कार करा! रागात होती, चूक होती, पण स्वतःचे नव्हेत असं वाटलेले चारशे शेअर परत करायला एस.टी. धरून निघाली! आपण काय केलं असतं? ... गोगटे, तुम्ही नका सांगू!

सांगलीला दार उघडलं सुलभावहिनींनी. दादा आत खुर्चीत, बहिणीला बघून उठून उभा राहिला.

ताई म्हणाल्या, "चारशे जास्तीचे परत घ्या."

दादा म्हणाला, "तुझेच आहेत गं, कुमुद."

वहिनींना राहवेना. "मैथिली, काढ तो फोन! काढ! ते भाव बघितलेस ना? आता आजपासून मागे जा. पण भराभरा ढकलू नकोस, एकेक ओळ वाच!"

मैथिली वाचू लागली. आजचा भाव सातशे. मागे गेली, सहाशे, चारशे... आणि एके ठिकाणी भावांच्या रांगेत एक वेगळीच ओळ. आकडे नाहीत, नुसती अक्षरं. तिनं वाचली. पुन्हा वाचली. आणि पोरीचा चेहरा उतरला.

"आई... इथं लिहिलंय, एका शेअरचे पाच केले."

आलं का लक्षात? पाचशेची नोट मोडून शंभराच्या पाच घेतल्या, तर तुम्ही गरीब झालात का? नाही! तसं कंपनीनं एका शेअरचे पाच केले. शंभराचे पाचशे झाले. आणि तक्ता ठेवणाऱ्यांनी काय केलं? मागचे सगळे भावही पाचानं भागून लिहिले! नाहीतर एका दिवसात कंपनी बुडाली की काय, असं दिसलं असतं! म्हणून त्या लक्ष्मीपूजनाचे बाराशे आज दोनशे चाळीस दिसतात. दादा खरा! तक्ताही खरा! खोटी पडली ती घाई. मैथिलीनं भाव बघितला, मधली ओळ ढकलून दिली!

वहिनी थांबल्या नाहीत. "अजून मागे जा. सगळ्यात खालचा भाव कुठंय?"

"पंचावन्न, मामी," मैथिली म्हणाली.

"ते वर्ष आठवतंय? यांचा कारखाना बंद पडला होता. सुखदालनचे थोडे आमचेही होते. ते या पंचावन्नला, म्हणजे तेव्हाच्या पावणेतीनशेला, विकून आम्ही घर चालवलं! तुझे त्याच खात्यात, शेजारी पडलेले. मीच म्हटलं, आज ते विका, पुढं भरून देऊ. तर म्हणाले, ते मैथिलीचे आहेत. माझ्या डोळ्यांना दिसतच नाहीत!"

मंडळी, काय म्हणू मी या माणसाला! रिकाम्या डब्यांच्या घरात बसून, दुसऱ्याची ठेव स्वतःच्या डोळ्यांना दिसूसुद्धा न देणं! गळ्यात माळ नाही, कपाळाला गंध नाही, पण मी त्याच्या पाया पडेन!

दादा काय म्हणाला असेल? 'बघितलंस?' म्हणाला? 'आता कळलं?' म्हणाला? छे! म्हणाला, "मैथिली, जुने भाव उद्याचा भाव सांगत नाहीत बाळा. पडझड किती होऊ शकते, तेवढं सांगतात. अर्ध्याच्या खाली जाणारी ही चीज आहे. लग्नाची तारीख ठरलेली, ती काही भाव वाढायची वाट बघणार नाही. लागतील तेवढे आजच वीक. उरलेले राहू देत." झालं! एवढाच त्याचा राग!

लग्नाचा दिवस. कार्यालय भरलेलं. भटजींनी हाक दिली, "मामांनी मुलीला घेऊन यावं!" आणि कुमुदताई उठून बोहल्याशी गेल्या. भटजी म्हणाले, "अहो, बाजूला व्हा." ताई हलल्या नाहीत. साखरपुड्याला जमले होते तेच सगळे समोर होते. त्यांना म्हणाल्या, "मी तुम्हा सगळ्यांसमोर माझ्या भावाला चोर म्हटलं होतं. खोटं होतं ते. मला पुरतं वाचता आलं नाही. दादा, सगळ्यांसमोर तुझी माफी मागते."

घरात, दार लावून माफी मागणारे खूप बघितले मी! पण जिथं चिखल उडवला तिथंच येऊन तो पुसणारी ही एकच!

आणि दादा? मैथिलीचा हात धरून दारात उभा. डोळे भरलेले. म्हणतो कसा — "कुमुद, सरक गं! मुहूर्त टळतोय!"

आता, मंडळी, ताईंना सोडा, तुमच्याकडे येतो! तुमच्यापैकी प्रत्येकाच्या डोक्यात कुणाचा ना कुणाचा तक्ता आहे. अमक्या साली तो असं बोलला. तमक्या दिवाळीत तिनं तसं केलं. तारीख पाठ, आकडा पाठ! आणि मधली ओळ? तो 'अगं, ऐक तरी' म्हणाला, त्याच्या पुढचं वाक्य? ते ऐकलंत? का फोन ठेवलात?

आरती थोडी थांबवतो. गोगटे, पेटी मिटू नका, हळू सूर चालू ठेवा. ज्याला कुणाला फोन करायचाय, त्यानं देवळाच्या अंगणात जाऊन करून यावं. लाजू नका, देव कुठं जात नाही. या करून. मी इथंच उभा आहे.