तिसरी अंघोळ

(न्हाणीघराचं दार आतून बंद. बाहेर ताई, आत तिचा सतरा वर्षांचा भाऊ.)

ताई : ही तिसरी अंघोळ सकाळपासून. कातडं सोलून काढणार आहेस का?

धाकटा : जा ना गं. प्रार्थनेला बसायचंय. अंग स्वच्छ लागतं.

ताई : कोपरं बघितलीस? रक्त येईस्तोवर घासलीस काल. आई म्हणते, पोरगं देवभोळं झालं. मला नाही तसं वाटत.

धाकटा : तिला वाटतंय ना, वाटू दे.

ताई : आणि आज काका जेवायला येणार म्हटल्यावर तू जो आत घुसलास...

धाकटा : त्यांचं नाव काढू नकोस!

ताई : का? प्रार्थना त्यांनीच शिकवली ना तुला? दर रविवारी त्यांच्या खोलीवर जायचास आणि... अरे देवा.

धाकटा : आईला सांगू नकोस. पाया पडतो तुझ्या.

ताई : हात लावला त्यांनी तुला?

धाकटा : चूक माझीच होती.

ताई : गप!

धाकटा : ऐक तर. मला कोणी फरफटत नेलं नव्हतं. ते म्हणायचे, देवाने तुला निवडलंय. बरं वाटायचं मला ऐकून. मग मी देवाला म्हणायचो, हे थांबव. नाही थांबवलं त्याने. म्हणजे घाण माझ्यातच असणार ना?

ताई : किती वर्षांचा होतास?

धाकटा : दहा.

ताई : शेजारची चिमी दहाची आहे. बुटाची नाडी बांधून घ्यायला अजून तुझ्याकडे पळत येते. तिला कुणी असं निवडलं असतं तर?

धाकटा : जीव घेतला असता मी त्याचा!

ताई : आणि तिला काय म्हणाला असतास? जा, अंग घासून ये?

धाकटा : काहीतरीच काय बोलतेस!

ताई : मग?

धाकटा : ...नळ बंद केला मी.

ताई : कळलं.

धाकटा : पण ते येतील ना आता.

ताई : उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देणार नाही. आईला आजच सांगायचं. बोलेन मी, तू नुसता शेजारी बस.

धाकटा : तिने खरं नाही मानलं तर?

ताई : मी मानलंय. तिच्याशी भांडायला मी खमकी आहे.

धाकटा : ताई, मला येते ती प्रार्थना त्यांचीच आहे गं. दुसरी येतच नाही. देवाशी बोलू कसं?

ताई : आत्ता माझ्याशी बोललास तसं.

धाकटा : तोंडात नुसत्या शिव्या येतात.

ताई : मग दे की. माझ्याही दोन घाल त्यात.