आधी तुझ्या गालावर

—अं हं, बोलू नकोस, लेप तडकेल. मान मागे टाक. उद्या तुझ्या पार्लरचं उद्घाटन, आणि या तोंडाने फीत कापणार? म्हटलं, जाता जाता मालकिणीच्या हातचा एक लेप लावून जा, इतकी वर्षं माझ्या हाताखाली राबलीस, एवढं तरी करायला नको? ज्येष्ठमध आहे, मुलतानी माती आहे, कोरफडीचा गर — ताजा गं, आत्ता कापलाय. समोरच्याच गल्लीत दुकान काढतेस, काढ बाई! माझी गिऱ्हाइकं नेतेस, खुशाल ने! पण पाटीवर लिहिलंयस काय — ‘वांग आणि काळ्या डागांवर नैसर्गिक उपाय’ — आणि पाटीखाली उभी कोण, तर तू! दोन्ही गालांवर हे एवढं वांग घेऊन! मी तर वाचलं आणि पोट धरून हसले, खोटं कशाला बोलू.

काय? झोंबतंय? झोंबणारच, लिंबू पिळलंय. — हो, माहितेय, गिऱ्हाइकाला मी कधी लिंबू लावत नाही. लिंबू लावून उन्हात गेलं की डाग उलट गडद होतात. मला कसं कळलं? तुझ्यावरूनच की! नवा लेप थेट गिऱ्हाइकाच्या तोंडाला कोण फासेल? आधी तुझ्या गालावर लावून बघायचे, मग भर दुपारी तुला सामान आणायला पिटाळायचे — म्हणजे, कामंच असायची गं, मुद्दाम नाही. पहिल्यांदा तरी मुद्दाम नाही. आलीस तेव्हा गाल काय होते तुझे! बायका खुर्चीत बसल्या बसल्या म्हणायच्या, ‘हिला काय लावता हो? तेच आम्हाला लावा.’ हिला! पार्लर माझं, हात माझे, मी समोर उभी — आणि बघायच्या कुणाकडे, तर हिच्याकडे! नाही सहन झालं मला. झालं समाधान?

रडू नकोस, माती ओघळतेय. आता रडून ते जाणार आहे का — अगं, उठतेस कुठे? वाळलं नाही अजून! बस म्हणते ना! आणि तो टॉवेल माझा आहे, ठेव खाली. अशीच जाणार? सगळ्या रस्त्याला तोंड दाखवत? जा की मग, मला काय!

थांब. खुर्चीवर सांडलंय ते पुसून जा.