न गेलेल्या लँगसेटलचा निरोप

माननीय अध्यक्ष मिस्टर फॉसेट, शहरातल्या म्युझियमहून मुद्दाम आलेले मिस्टर पेलम, आमचे पाद्रीबाबा, व्यासपीठावरची थोर मंडळी, समोर बसलेल्या आपल्या खोऱ्यातल्या लेकी-सुना, आणि हॅमच्या ताटावर डोळा ठेवून बसलेले समस्त पुरुष हो,

आज निरोप समारंभ आहे. पण ज्याला निरोप द्यायचा ते गेलेलंच नाही, माझ्या स्वयंपाकघरात ठाण मांडून आहे, त्याला मी काय करणार? आमंत्रणं गेली होती, हॅम उकडून झालं होतं. पाद्रीबाबा म्हणाले, "केझायाबाई, होऊन जाऊ द्या." म्हणून उभी आहे.

लँगसेटल तुम्हाला नवं नाही. चुलीजवळचं, उंच पाठीचं, लांबलचक ओकचं बाक. पण मिस्टर पेलम म्हणाले, हा शब्द त्यांनी आजवर फक्त शेकडो वर्षांच्या जुन्या कागदांत वाचला होता, जिवंत माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. कुणाच्या तोंडून? आमच्या सूनबाईच्या. ती नवऱ्यावर ओरडत होती, "जोनास, चिखलाचे बूट घेऊन लँगसेटलवर चढलास तर बघ."

तर या सूनबाईंनी, हेस्टरनं, ठरवलं की लँगसेटल म्युझियमला द्यायचं आणि तिथं सोफा आणायचा. त्या बाकावर मी नवी नवरी म्हणून बसले, पोरांना पाजलं, आमचे हे गेले त्या दिवशी मी त्याचाच कोपरा धरून बसले होते. मी विचारलं, "हेस्टर, मग माझी जागा कुठली गं?"

"सोफ्यावर, आई. राणीसारख्या बसा."

"राणी लाकडाच्या सिंहासनावर बसते."

"तिची कंबर दुखत नसेल."

  मी गप्प म्हटल्यावर जोनासला वाटलं, मला ताप आलाय.

मग मिस्टर पेलमबरोबर म्युझियमची माणसं आली. दारातून बाक निघेना. त्यातला एक म्हणाला, पाठ वेगळी करू. ठोकल्या दोन खुंट्या बाहेर. आता आपल्याकडचे जुने सुतार घर आणि लँगसेटल एकत्रच उभं करायचे, हे आम्ही सगळेच विसरलो होतो. पाठीचा खांब सरळ वरच्या तुळईत गेलेला. तुळई वीतभर खाली आली. वर जोनास रात्रभर मेंढ्यांची बाळंतपणं करून झोपला होता. तो पलंगासकट घसरत कपाटापर्यंत गेला आणि नुसत्या सदऱ्यावर जिन्यात येऊन म्हणतो, "आई, घर कुठं निघालंय?"

मिस्टर पेलमनी धावत जाऊन तुळईला खांदा लावला. खुंट्या परत बसेपर्यंत बिचारे तसेच उभे. हात अडकलेले, म्हणून मी चीज आणि केक त्यांना माझ्या हातानं भरवला. अहो, लाजू नका, तुम्ही तीन तुकडे खाल्लेत.

तेवढ्यात आपले अध्यक्षमहाराज आले. त्यांना प्रत्येक गोष्टीवर उपाय सुचतो, हे आपण जाणताच. करवत उचलून म्हणाले, "खांब कापू, लोखंडी टेकू लावू. सोमवारपर्यंत बाक बाहेर." मी किटली चुलीवर ठेवली. बाक जायला नको होतं मला, पण ते सुनेपुढे दाखवते की काय?

हेस्टर म्हणाली, "मिस्टर फॉसेट, करवत ठेवा खाली. आई उठताना भिंत धरतात आणि मी बघितलं की सोडतात. म्हणून सोफा आणला. त्यासाठी घर कापायचं नव्हतं मला."

मंडळी, मी आपली समजत होते, शेजारणींना दाखवायला हिला सोफा हवाय. अशा वेळी सासूनं काय बोलायचं असतं? मी म्हटलं, "चहा घे." तिनं घेतला, माझ्या शेजारी बसून.

तेव्हा मिस्टर पेलमचे आभार, त्यांच्या खांद्याचे विशेष आभार. हॅम उकडणाऱ्या बायकांचे आभार. सोफा आम्ही या हॉलला भेट दिलाय, अध्यक्षमहाराज त्यावरच विराजमान आहेत. त्याच्या गाद्या मात्र हेस्टरनं उसवून लँगसेटलवर बेतून शिवल्यात. त्यामुळे मिस्टर फॉसेट, मघापासून आपण इतके ताठ का बसलात, ते मला ठाऊक आहे. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सर्वांनी पोटात घाला. आणि साहेब, स्प्रिंग टोचत असेल, तर तेवढी तुम्ही पोटात घाला.