म्हशीच्या टाक्यातलं शेवाळ

समुद्रातल्या शेवाळापासून उन्हाचं क्रीम बनवायचं, हे वर्षालीचं संशोधन. पहिली डबी तिनं स्वतःच्याच तोंडाला लावली, तोंड सुजलं, आणि दुपट्टा गुंडाळून ती अकोल्याच्या चामडीच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसली. शेजारी येऊन बसले एक बाई आणि गमछ्यातून डोकावणारा तिचा हिरवागार पोरगा.

“कुंदन्या, काय फासलं रे तोंडाले?”

“शेवाळ. म्हशीच्या टाक्यातलं.”

“म्हशीनं तरी लावलं का कधी?”

“त्या अचलपूरच्या पोरीनं फोनवर सांगतलं, शेवाळ उन्हापासून वाचवते. त्याच्यावरच शिकून राहिली ते.”

वर्षालीनं दुपट्टा आणखी वर ओढला. रविवारी तिला पाहायला येणारा मुलगा हाच. फुशारकीच्या भरात समुद्राचं सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

“कोनतं शेवाळ, हे इचारलं नाही तिले?”

“इचारलं असतं तर अडाणी दिसलो असतो.”

“आता लय शायना दिसून राहिला. लाव फोन. सांग, नागपूरले हाओ, रविवारी जमत नाही.”

कुंदननं फोन लावला. वर्षालीच्या पर्समध्ये गाणं वाजलं. मायलेक तिच्याकडे पाहतच राहिले. तिनं भिंतीकडे तोंड करून फोन उचलला.

“हॅलो.”

“मी... नागपूरले हाओ.”

“हाव का? मी पुण्याले हाओ.”

तेवढ्यात कंपाउंडरनं पुकारलं, “वर्षाली, अचलपूर!”

कोणीच उठलं नाही.

“जाय बाई,” कुंदनची आई म्हणाली, “पुण्याचा नंबर लागला.”