ओढणीतले शिंगाडे

मी सक्करदऱ्याची. लग्न होऊन नंदनवनात आली, नवरा सरकारी दवाखान्यात पोस्टमार्टमच्या खोलीत मदतनीस होता, तो गेला अन् त्याची जागा मले भेटली. काय सांगू बाई तुम्हाले, पहिला महिना घास उतरत नव्हता, मंग सवय झाली, मंग मायाच लागली. लोकं म्हणत, मेलेल्याची कायची माया वं? अरे, त्याचं तोंड कोणी पुसाले नको काय?

आमच्या डॉक्टर मॅडम माह्या पोरीच्या वयाच्या, पण त्यांनीच मले शिकवलं. म्हणायच्या, मावशी, माणूस कशानं गेला ते वेगळं, अन् कसा गेला ते वेगळं. बुडून गेला हे शरीर सांगतं. पण घसरला, उडी घेतली का कोणी ढकलला, त्यासाठी अंगावरचं, जागेवरचं सारं पाहावं लागतं. अन् नाहीच कळलं, तर कळलं नाही असंच लिहायचं.

तर एक दिवस तलावातून काढलेली पोरगी आली, विशीतली. पोलीस म्हणे जीव दिला, सकाळी मायसंग भांडण झालं होतं. माय बाहेर पायरीवर बसून एकच बोलून राहिली, मर म्हटलं वं म्या तिले, मर म्हटलं. मले पोरीच्या अंगावरचा चिखल पाहवला नाही, मॅडम यायच्या आंधीच म्या तिच्या कमरेची ओढणी सोडली, झटकली, तोंड पुसलं. मॅडम आल्या अन् असा आवाज चढवला, का हात लावलात मावशी? काय होतं ओढणीत? म्या म्हटलं, काही नाही, शिंगाडे होते, बादलीत टाकले.

कुठे आहे बादली?

म्या बादली ओढून आणली. एक एक शिंगाडा वेचून काढला, हिरवेगार, आताच तोडलेले. गाठ कशी होती ते बांधून दाखवलं, अन् मीच सोडली हेही मॅडमनं लिहून घेतलं. लाज वाटली, पण खरं होतं ते. मंग पोलीस पुन्हा तलावावर गेले, तर काठाले चिखलात पाय घसरत गेल्याची लांब रेघ. कागदावर अपघात आला.

मॅडम स्वतः पायरीवर जाऊन बसल्या. म्हणाल्या, आई, ती शिंगाडे तोडायला गेली होती. मायनं तोंड वर केलं. मंग म्हणे, मले आवडतात ते.

आता मी रिटायर, हुडकेश्वरले पोराकडे राहतो. नात चिखलानं भरून आली का पुसाच्या आंधी इचारतो, कुठं गेलती वं, काय आणलं? अन् बाई, तुम्ही माहं एवढं बोलणं लिहून राहिल्या न, तुमच्या मरणाच्या कागदावर कारण म्हणून म्हातारपण तेवढं येवो, तेही लय वर्षांनी.