घरात माणसं किती

मार्लिस : ...अठ्ठावीसशे डॉलर. वर्षाचा विमा. आणि हे पोरीचे मार्क चांगले आहेत म्हणून सवलत धरून.

ड्वेन : मार्लिस, माझी गाडी विकायला काढली तर दोन हजारसुद्धा कुणी देणार नाही.

मार्लिस : हे गाडीचे नाहीत. सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात ती गाडी द्यायचे आहेत.

ड्वेन : ब्रिटा माझ्यापेक्षा दहापट बरी चालवते.

मार्लिस : ते मला सांगतोस? वीस वर्षं तुझी फाईल मी सांभाळतेय. हरीण दोनदा.

ड्वेन : दुसऱ्यांदा हरणानं मला धडक दिली.

मार्लिस : तसं तू लिहूनही दिलंयस. मग गॅरेजचं दार.

ड्वेन : ते बंद आहे हे मला गाडी मागे घेतल्यावर कळलं.

मार्लिस : आणि या ऑफिसबाहेरची माझी टपालाची पेटी.

ड्वेन : विम्याचा हप्ता भरायलाच येत होतो. वेळेवर येत होतो, ते कुणी बघत नाही.

मार्लिस : बरं, फॉर्म भरू. घरात राहणारी माणसं किती?

ड्वेन : मी... आणि ब्रिटा.

मार्लिस : ड्वेन. महिन्यातल्या किती रात्री ती तुझ्याकडे झोपते?

ड्वेन : एक आठवडा सोडून शनिवार-रविवार. म्हणजे चार. फेब्रुवारीत वादळामुळे दोनच झाल्या.

मार्लिस : मग तू सुटलास! तिच्या आईनं मागच्या आठवड्यातच तिचं नाव स्वतःच्या पॉलिसीत घातलंय. मुलगी आईकडे राहते, तुझ्याकडे पाहुणी. कधीमधी तुझी गाडी घेतली तर तुझ्या आहे त्याच विम्यात चालून जातं. एक सेंट भरू नकोस. जा घरी.

ड्वेन : हं.

मार्लिस : अरे, हे ऐकून लोक इथून नाचत जातात.

ड्वेन : पाहुणी असं लिहिलंय तिथे?

मार्लिस : नाही रे. मी आपलं म्हटलं.

ड्वेन : नाव घाला तिचं.

मार्लिस : डोकं ठिकाणावर आहे का?

ड्वेन : घटस्फोट झाला तेव्हा तिच्या आईचं नाव माझ्या पॉलिसीतून तुम्हीच काढलंत. हप्ता कमी झाला म्हणून माझं अभिनंदनही केलंत.

मार्लिस : तोंडातून निघून गेलं. अजून लाज वाटते मला त्याची.

ड्वेन : तो पॉलिसीचा कागद मी फ्रीजवर लावलाय. हप्त्याची तारीख विसरू नये म्हणून. दूध काढायला गेलो की दिसतं, एकच नाव. जगात एक तरी कागद असू दे, मार्लिस, ज्याच्यावर आम्ही दोघं आहोत. बाकी सगळे तिच्या आईकडे आहेत.

मार्लिस : आणि पैसे कुठून आणणार?

ड्वेन : बर्फावरची ती स्नोमोबाईल विकतो. तिच्यावरून तळ्यावर जातो, बर्फाला भोक पाडतो, गळ टाकून दिवसभर त्या भोकाकडे बघत बसतो आणि येताना दुकानातून मासे आणतो. पायी गेलो तरी तेवढेच मिळतील.

मार्लिस : ती तुझ्या घरात राहते असं खोटं मी लिहिणार नाही. चालकांच्या रकान्यात घालते.

ड्वेन : कुठल्याही रकान्यात घाला.

(दार उघडतं. ब्रिटा बुटांवरचा बर्फ झटकत आत येते.)

ब्रिटा : बाबा, लावली गाडी. टपालाच्या पेटीपासून लांब.

मार्लिस : हिला सवलत वाढवूनच द्यायला हवी. ब्रिटा, लायसन्स दाखव, नंबर हवाय.

ब्रिटा : कशाला? आईनं घातलंय ना माझं नाव.

ड्वेन : नियम आहे. दोन्हीकडे घालावं लागतं. मार्लिस म्हणतायत.

मार्लिस : मी? हो... आहे असा नियम.

ब्रिटा : नाहीये. आईनं फोन केला तेव्हा मी शेजारीच होते. तुम्हीच म्हणालात, बाबाकडे गरज नाही. किती पैसे, बाबा?

ड्वेन : थोडेच गं.

मार्लिस : एक स्नोमोबाईल.

ब्रिटा : स्नोमोबाईल विकणार? मग तुझ्या बुधवारच्या सुट्टीला तू तळ्यावर कसा जाणार?

ड्वेन : नाही जाणार. घरी बसेन.

ब्रिटा : पण तुला किती आवडतं ते. म्हणून तर मी कधी विचारलं नाही.

ड्वेन : काय विचारलं नाहीस?

ब्रिटा : बुधवारी आईची रात्रपाळी असते. ती मैत्रिणीच्या गाडीतून जाते. मी एकटीच फ्रीजरमधला पिझ्झा खाते.

ड्वेन : ब्रिटा, मला मासे आवडतसुद्धा नाहीत. घरी कुणी नसतं म्हणून जातो मी तिकडे.

ब्रिटा : अरे बाबा! आता आईची गाडी घेऊन मी येऊ शकते. शाळा सुटली की. सकाळी तुझ्याकडूनच शाळेत.

ड्वेन : वीस मैल आहे. वाटेत हरणं असतात.

ब्रिटा : ती तुलाच शोधत असतात.

मार्लिस : ड्वेन, पुन्हा विचारते, आणि खरं सांग, फॉर्म आहे. घरात माणसं किती?

ड्वेन : बुधवारी दोन.